अठ्ठेचाळीस सुया आणि आरेतली डोकी

२२ जानेवारी १९६२ या दिवशी सांताक्रूझच्या वेधशाळेत किमान तापमान ७.४ अंश सेल्सिअस नोंदवलं गेलं. मुंबईच्या थंडीचा तो विक्रम अजून मोडलेला नाही. एरवी आपली थंडी म्हणजे जानेवारीतले चार दिवस. तेवढ्यात पंखा एकवर येतो, कपाटाच्या वरच्या कप्प्यातली गोधडी खाली उतरते आणि ‘मुंबईकर गारठले’ या मथळ्याखाली वर्तमानपत्रात एक फोटो येतो. फोटो बहुतेक वेळा आरे कॉलनीतला असतो. धुक्यातला रस्ता, दुतर्फा झाडं आणि कानटोपी घातलेलं कुणीतरी.

फोटोग्राफर आरेतच जातात, ते उगाच नाही. रात्रभर ऊन सांभाळून ठेवणारं काँक्रीट इथे कमी. गवताचे उतार आणि झाडोरा सूर्य मावळला की भराभर निवतो, आणि निवलेली जड हवा टेकड्यांवरून उतरून सखल भागात साचते. त्यामुळे सांताक्रूझचा आकडा ऐकून घराबाहेर पडलेला माणूस आरेच्या नाक्यावरून आत शिरला की दोन-चार अंशांनी फसतो. गोरेगाव-पवई रस्त्यावर पहाटे हा फरक आधी कानांना कळतो.

मी आरेच्या हद्दीला लागून, गोरेगाव पूर्वेला राहते. हाताने फिरवायच्या गोल यंत्रावर टोप्या विणायला लागल्यापासून रस्त्याने जाताना लोकांची डोकी बघत चालायची खोड लागली आहे. आरेत पहाटे बघण्यासारखी डोकी पुष्कळ. गोठ्यांतले कामगार माकडटोपीत, नुसते डोळे आणि नाक बाहेर. मोटरसायकलला दुधाचे कॅन लटकावून निघालेल्यांची कानटोपी हेल्मेटच्या आत, आणि कित्येकांची हेल्मेटच्या जागी. फिरायला येणारे आजोबा मफलर डोक्यावरून घेऊन हनुवटीखाली गाठ मारतात. पायांत महागडे बूट, पण डोक्याची तऱ्हा आजोळचीच. पाड्यांवरून भाजी घेऊन येणाऱ्या बायकांच्या डोक्यावर मात्र लोकरीचं काही दिसत नाही. त्यातल्या एका मावशींना मी टोपी देऊ केली, तेव्हा त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि परत दिली. “पाटी घ्यायची ना डोक्यावर. चुंबळ सरकते लोकरीवरून,” म्हणाल्या. त्यांचं पदराखाली घट्ट बांधलेलं सुती फडकं त्या कामाला चोख होतं.

हे सगळे लोक इतक्या पहाटे इथे का, याचं उत्तर या वसाहतीच्या जन्मात आहे. शहरभर विखुरलेले म्हशींचे गोठे मुंबईबाहेर काढून एका जागी आणायचे आणि लोकांना खात्रीचं दूध द्यायचं, या योजनेतून १९४९ साली आरे मिल्क कॉलनी उभी राहिली. तिच्यामागे दारा खुरोडी होते. पुढे १९६३ साली त्यांना त्रिभुवनदास पटेल आणि वर्गीस कुरियन यांच्याबरोबर मॅगसेसे पुरस्कार मिळाला. सुमारे १,२८७ हेक्टर जमीन, ३२ युनिटं आणि जवळपास सोळा हजार जनावरं, असा तो पसारा होता. वारली, कोकणा, मल्हार कोळी यांचे पाडे त्या आधीपासून इथे होते आणि आजही आहेत. मधल्या काळात फिल्मसिटी आली, मेट्रोची कारशेड आली, तिच्यासाठी ऑक्टोबर २०१९ मधली वृक्षतोडीची रात्र आली. दूध काढायची वेळ मात्र म्हशीच्या हातात असते आणि ती पहाटेच्याही आधीची आहे. मुंबईत कानटोपी ही हौसेची वस्तू नसून कामाची वस्तू आहे, असा मुलूख कुठला विचाराल, तर तो हा.

जिभलीची सुई

यंत्र दिसायला अगदीच पोरकट आहे. मोठ्या पातेल्याच्या घेराचं प्लॅस्टिकचं कडं, आत उभ्या ओळीने लावलेल्या अठ्ठेचाळीस सुया, बाजूला दांडा आणि फेऱ्या मोजणारा छोटा गणक. जर्मनीतल्या आडी कंपनीचं या धर्तीचं यंत्र शेहेचाळीस आणि बावीस सुयांचं मिळतं. सेन्ट्रो नावाची स्वस्त चिनी यंत्रं अठ्ठेचाळीस, चाळीस, बत्तीस अशा आकारांत येतात. पाहुण्यांच्या मुलांना ते खेळणंच वाटतं.

पण या खेळण्याची वंशावळ लांबलचक आहे. १५८९ च्या सुमारास इंग्लंडमधल्या विल्यम ली या पाद्र्याने मोजे विणायची पहिली चौकट बनवली. तिच्यावर सपाट कापड निघे आणि मोजा मागून शिवावा लागे. थेम्स नदीखालून बोगदा काढणाऱ्या मार्क ब्रुनेलने १८१६ साली गोल विणणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं आणि शिवण गेली. तिसरी गोष्ट सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत महत्त्वाची. लेस्टरच्या मॅथ्यू टाउनसेंडने एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला जिभलीच्या सुईचं पेटंट घेतलं. त्यानंतर हातदांड्याची गोल यंत्रं घरोघर जाण्याइतकी सोपी झाली आणि पहिल्या महायुद्धात युरोप-अमेरिकेतल्या बायकांनी त्यांच्यावर सैनिकांसाठी मोज्यांचे ढीग विणले.

ही सुई नीट पाहण्यासारखी आहे. टोकाला आकडा आणि आकड्याखाली बिजागरीवर हलणारी एक जिभली. सुई वर चढते तेव्हा आधीचा टाका जिभलीच्या खाली घसरतो. आकडा नवा धागा पकडतो. मग सुई खाली उतरू लागते, तसा तोच जुना टाका खालून जिभलीला ढकलून आकडा मिटवतो आणि मिटलेल्या आकड्यावरून पलीकडे निसटतो. नवा धागा त्याच्या आतून ओढला जातो, की झाला एक सुलट टाका. सुईला वर-खाली करायला कडेत एक चढ-उताराची वाट कोरलेली असते. दांडा फिरवला की सुयांचं कडं फिरतं आणि एकेक सुई त्या वाटेवरून जाते. कुठे वीज नाही, स्प्रिंग नाही. टाका आपल्या वाटेतलं दार आपणच लावून घेतो.

सुरुवात उसन्या लोकरीने करायची, म्हणजे नंतर उसवून टाकायच्या धाग्याने. पहिली सुई काळी असते. धागा तिच्यात अडकवायचा, पुढच्या सुईच्या मागून न्यायचा, त्यापुढच्या सुईत अडकवायचा, असं एकाआड एक घर घेत कडं पूर्ण करायचं. दुसऱ्या फेरीपासून धागा मार्गदर्शकातून सोडायचा. नको असलेल्या रंगाच्या सात-आठ फेऱ्या झाल्या की तो कापून टोपीचा खरा रंग लावायचा आणि मग नुसता दांडा. मोठ्या माणसाच्या दुपदरी टोपीला साधारण एकशे दहा फेऱ्या. अठ्ठेचाळीस गुणिले एकशे दहा म्हणजे पाच हजार दोनशे ऐंशी टाके, आणि चहा गार व्हायच्या आत ते होतात. हाताने विणणाऱ्या बाईला हा आकडा सांगू नये.

दांडा फिरवताना लक्ष कानांत ठेवावं लागतं. सगळं सुरळीत असलं की यंत्र एका लयीत कुरकुरतं. धागा गुंड्यात अडकून ताणला गेला, की दांडा जड होतो आणि एखादी सुई धागा न पकडताच खाली जाते. त्या सुईवरचा टाका सुटतो आणि खाली शिडी पडत जाते. दोन फेऱ्यांत लक्षात आलं तर क्रोशाच्या सुईने एकेक पायरी वर आणून टाका परत आकड्यावर चढवता येतो. दहा फेऱ्यांनी दिसलं तरी येतो, पण तोवर शेजारचे टाके ढिले झालेले असतात आणि टोपीवर ती उभी रेघ कायमची राहते.

शेवटी पुन्हा उसनी लोकर, आणि नळी यंत्रावरून सुटते. हातात येते ती दोन्ही तोंडं उघडी असलेली लांब पिशवी. टोपी अजून झालेलीच नसते.

उतार नाही

आमच्या इमारतीतल्या एका काकूंनी आयुष्यभर हातांनी विणलं आहे. नातवंडांची अंगडी-टोपडी, स्वेटर, मोजे, देवाचं आसन, काही सोडलेलं नाही. यंत्र पाहायला त्या मुद्दाम आल्या. नळी भराभर वाढताना त्यांनी शांतपणे पाहिली. मग मी दोन्ही टोकांचे उघडे टाके धाग्यात ओवले, उसनी लोकर उसवून काढली, धागा आवळून तोंडं बंद केली आणि एक टोक दुसऱ्याच्या आत ढकललं. दुपदरी टोपी तयार झाली.

काकूंनी टोपी मुठीवर चढवली आणि शेंड्यावर बोट ठेवलं. “अगं, डोक्याला उतार असतो. हिला कुठाय? सरळ पिशवीचं तोंड आवळलंयस.”

बरोबर होतं. हाताने टोपी विणताना शेंड्याकडे दोन टाके एकत्र, मग पुन्हा दोन एकत्र, असं करत घेर कमी करत आणतात आणि टोपी कवटीसारखी गोलाकार मिटते. गोल यंत्राला टाके कमी करता येत नाहीत. अठ्ठेचाळीस म्हणजे अठ्ठेचाळीस, पहिल्या फेरीपासून शेवटच्या फेरीपर्यंत. सगळे एकदम आवळले की शेंड्याला चुण्या पडतात आणि मधोमध एक बारीक भोक उरतं.

“म्हणून तुम्ही लोक गोंडा लावता होय!” काकूंना उलगडा झाला. बाजारातल्या यंत्रावरच्या टोप्यांच्या माथ्यावर तो गुबगुबीत गोंडा का असतो, हे मला इतक्या थोडक्यात आजवर कुणी सांगितलं नव्हतं. शोभा होते हे खरं, पण त्याचं पहिलं काम चुण्या झाकायचं.

काकूंचा दुसरा मुद्दा कडेचा होता. यंत्र सगळे सुलट टाके घालतं, आणि नुसत्या सुलट टाक्यांचं कापड कडेला आपोआप गुंडाळत जातं. हाताने विणताना दोन सुलट, दोन उलट अशी रबरासारखी पट्टी घातली की टोपी कपाळाला धरून बसते. यंत्रावर तशी पट्टी हवी असेल तर खालचे टाके मुद्दाम सोडून एकेक क्रोशाने उलटा चढवावा लागतो. म्हणजे वाचवलेला वेळ तिथेच खर्च. त्यामुळे यंत्रवाले कड दुमडून मोकळे होतात.

कानांवर चार पदर

ही दुमड केवढी महागात पडते, ते आमच्या भागातल्या एका रात्रपाळीच्या रखवालदाराने दाखवलं. सातारा जिल्ह्यातला माणूस, थंडीची त्याला काय नवलाई. त्याने दुपदरी टोपी घातली, कड दुमडली, दोन रात्री वापरली आणि मला थांबवून म्हणाला, “ताई, टोपी झकास आहे. पण घातली की काही ऐकूच येत नाही बघा.”

हिशेब सरळ आहे. दुपदरी टोपीची कड दुमडली की कानांवर चार पदर होतात. डोक्याच्या माथ्यावर दोन, कानांवर चार. युरोपातल्या बर्फात ते ठीक. आरेच्या कडेला रात्र काढणाऱ्याला मागून येणारी मोटरसायकल ऐकू यायला हवी, कुत्री कशावर भुंकताहेत ते कळायला हवं. शेजारी संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे आणि बिबट्याला हद्दीची पाटी वाचता येत नाही. इथल्या आदिवासींनी वाघोबाला देव करून ठेवलं, ते शेजार ओळखूनच.

मग त्याच्यासाठी वेगळी रीत काढली. खऱ्या रंगाच्या तीस फेऱ्या झाल्यावर दांडा थांबवायचा, नळीच्या आत हात घालून त्या रंगाची पहिली ओळ वर आणायची आणि तिचा एकेक टाका पुन्हा एकेका सुईवर चढवायचा. पुढची फेरी दोन्ही टाके एकत्र विणते आणि कडेला पंधरा फेऱ्यांची दुपदरी पट्टी बंद होते. त्यावर पंचेचाळीसएक फेऱ्या एकपदरी, आणि शेंडा आवळायचा. कानांवर दोन पदर, माथ्यावर एक. वारा अडतो, आवाज येतो आणि लोकरही वाचते. टाके चढवायला मात्र पूर्ण टोपीच्या दांड्याइतकाच वेळ लागतो, कारण ते काम बोटांचं.

या यंत्राची गोम मला इथे सापडली. गुंतवणं, मोजणं, सारख्या ताणाचा टाका घालणं, एवढं यंत्र माणसाहून चांगलं करतं. पण टोपी ठरते ती सुरुवातीला आणि शेवटी, म्हणजे जिथे दांडा थांबलेला असतो तिथे. आणि तिथे काय करायचं हे यंत्र सांगत नाही, डोकं सांगतं. विणणाऱ्याचं नव्हे, घालणाऱ्याचं.

लहान डोकी, आजारी डोकी

उष्णता सगळी डोक्यातून जाते, असं आपल्याकडे घरोघर सांगतात. मोठ्या माणसाच्या बाबतीत ते खरं नाही. शरीरातली जवळजवळ निम्मी उष्णता डोक्यातून जाते हा समज अमेरिकन लष्कराच्या एका जुन्या पुस्तिकेतून पसरला. प्रौढ माणसाचं डोकं आणि मान मिळून अंगाच्या पृष्ठभागाचा साधारण नऊ टक्केच भाग होतो आणि उष्णताही साधारण त्याच हिशेबाने जाते. थंडी कानांना आणि कपाळाला आधी बोचते, एवढंच.

नवजात बाळाचं गणित वेगळं. त्याचं डोकं अंगाच्या मानाने दुप्पट मोठं, पृष्ठभागाच्या अठरा-एकोणीस टक्के. त्यातही दिवस भरण्याआधी जन्मलेलं, कमी वजनाचं बाळ ऊब धरून ठेवू शकत नाही. आपल्या आज्या बाळाला टोपडं आणि वरून कुंची घालून ठेवत, त्यामागे भाबडेपणा नव्हता. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीच्या ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं. बाळाला उबदार ठेवणं हा त्या शिकवणीचा भाग होता. तिथला नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून तिसऱ्या वर्षी २५ च्या आसपास आला. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये ते छापून आलं आणि पुढे देशभरच्या आशा कार्यकर्त्यांच्या कामात ही पद्धत उतरली. एकट्या टोपड्याने हे झालं नाही, जंतुसंसर्गावरचे उपचार त्यात मोठे होते. पण टोपडं त्या यादीत होतं.

गोल यंत्र इथे अडतं. दिवस भरलेल्या बाळाच्या डोक्याचा घेर तेहेतीस ते पस्तीस सेंटिमीटर. हाताने विणणारी बाई टाके कमी घालून मोकळी होते. अठ्ठेचाळीस सुयांचं कडं आकसत नाही, लहान घेराचं दुसरं यंत्रच घ्यावं लागतं. शिवाय बाळाच्या टोपीला गोंडा नको, बटण नको, सुटा धागा नको. तोंडात जाण्यासारखं काहीही नको. म्हणजे चुण्या उघड्याच राहणार. त्या आतून सपाट टाचाव्या लागतात, नाहीतर निजलेल्या बाळाच्या टाळूला टोचतात.

आणखी एक डोकं मुंबईत बारमाही थंडीचं आहे. परळच्या टाटा हॉस्पिटलात देशभरातून माणसं येतात. केमोथेरपीत केस गळतात आणि वातानुकूलित खोलीतला गारवा थेट डोक्याला लागतो, मेच्या उकाड्यातसुद्धा. त्यासाठी विणायची तर लोकर बाद, कारण कातडी हळवी झालेली असते आणि लोकर खाजते. मऊ सूत घ्यावं लागतं. सुताला लोकरीसारखी लवचीकता नसते, त्यामुळे ते सुयांवर घट्ट बसतं, दांडा जड जातो आणि टाके जास्त सुटतात. गाठ आतल्या बाजूला नको, म्हणून टोकं दोन पदरांच्या मध्ये दडवायची. एकाच घरातल्या दोघांसाठीसुद्धा या टोप्या एकसारख्या होत नाहीत.

एका टोपीचे किती?

हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो, आणि त्यामागे दुसरा असतो: घरबसल्या धंदा होईल का? बचतगटांना, गृहिणींना अशी यंत्रं दाखवून ‘दिवसाला इतक्या टोप्या’ अशी स्वप्नं विकणारे आता पुष्कळ झालेत, म्हणून उत्तर स्पष्ट दिलेलं बरं. साधी दुपदरी टोपी विकून पोट भरणार नाही.

कारण लुधियाना. आपण दुकानातून आणतो ती वर्धमान, ओसवाल, गंगा ही लोकर तिथलीच, आणि बहुतेक अ‍ॅक्रिलिक. हिवाळ्यात परळला आणि राज्यातल्या शहरोशहरी तिबेटी विक्रेते स्वेटर-टोप्यांची दुकानं मांडतात, त्यांचा माल मुख्यत्वे तिथूनच येतो. तिथली वीजयंत्रं आपण एक दांडा फिरवतो तेवढ्यात शेकडो सुया फिरवून मोकळी होतात. तयार टोपी फुटपाथवर ज्या भावाला मिळते, त्यातून किरकोळ भावाने आणलेल्या लोकरीचे पैसे वजा केले की हाती उरतं ते गोंड्यापुरतं. त्यात मुंबईची थंडी चार दिवसांची. पाचव्या दिवशी गिऱ्हाईक छत्रीचा भाव विचारतं.

लुधियानाला जमत नाही असं एकच काम आहे: एका डोक्यासाठी एक टोपी. कानांवर दोन पदर आणि माथ्यावर एक, हा माल ठोकात निघत नाही, कारण त्याचं गिऱ्हाईक आरेच्या एका फाटकापाशी बसलेलं असतं. उपचार चालू असलेल्या बाईला सुती, बिनगाठीची, अमुकच रंगाची टोपी हवी असते आणि ती तीन दिवसांत हवी असते. ज्यांना यातून चार पैसे मिळवायचे असतील त्यांनी दांडा किती वेगाने फिरतो ते विसरावं आणि टेप घेऊन माणसांकडे जावं. भुवईच्या वरून, कानांच्या वरून, मागे फुगीर भागावरून घेर मोजावा; टोपी त्याहून तीन-चार सेंटिमीटर कमी घ्यावी, म्हणजे ताणून बसते. मग विचारावं: रात्री कुठे असता? ऐकू यायला हवं का? डोक्यावर ओझं असतं का? घाम येतो का? पैसे या प्रश्नांचे घ्यावेत. फेऱ्या यंत्र फुकटच मोजतं.

काकूंशी मात्र आमचा तह झाला आहे. नळी मी विणते आणि शेंडा त्या मिटवतात. यंत्रावरून सुटलेले अठ्ठेचाळीस टाके त्या आपल्या चार सुयांवर घेतात, दोन-दोन एकत्र करत सहा फेऱ्यांत माथा गोल आणतात आणि धागा आत ओवून टाकतात. उतार येतो, चुण्या जातात, गोंड्याची गरज उरत नाही. या हिवाळ्यासाठी आमच्याकडे आलेल्या मागण्यांत गोठ्यातल्या कामगारांच्या माकडटोप्याही आहेत. त्यांना डोळ्यांसाठी खाच लागते आणि गोल यंत्रावर खाच पडत नाही. काकू म्हणतात, “तू गळ्यापर्यंतची नळी दे, तोंडाचं मी बघते.”